जीर्ण श्वासाचा रुग्ण आणि न वाचलेला एबीजी

दोन वर्षांपूर्वीच्या पौष महिन्यातील एक प्रसंग प्रथम सांगतो. तो आमच्या कौतुकाचा नसून आमच्या चुकीचा आहे, आणि म्हणूनच वैद्यबंधू-भगिनींसमोर ठेवण्यासारखा आहे.

अडुसष्ट वर्षांचे एक गृहस्थ, चाळीस वर्षांचे विडीचे व्यसन, सीओपीडीचे निदान झालेले, रुग्णालयातून आठ दिवसांनी घरी आलेले. घरी २०२१ च्या दुसऱ्या लाटेत घेतलेले कॉन्सन्ट्रेटर होतेच. रुग्णालयाने मिनिटास एक लिटर प्रवाह सांगितला होता. रुग्णाची तक्रार एकच, रात्री झोप नाही. आम्ही कफघ्न योग योजिले, सौम्य अभ्यंग आणि स्वेदन सांगितले व रात्री सर्पगंधायुक्त वटी दिली. चौथ्या दिवशी त्यांच्या पत्नी आल्या. "वैद्यराज, आता अगदी शांत झोपतात हो. दिवसासुद्धा डुलक्या घेतात." मुलाने आनंदाने सांगितले की ऑक्सिमीटर ८८ दाखवीत होता म्हणून त्याने प्रवाह चारवर नेला आणि आता आकडा ९७ आहे. आम्हीही समाधान मानले. उपशय मिळाला, अशी नोंद आमच्याच हस्ताक्षरात रुग्णपत्रिकेत आजही आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे रुग्णास हाक मारून जाग येईना. रुग्णालयात केलेल्या एबीजीचे आकडे असे होते: पीएच ७.२५, कार्बन डायऑक्साइड ८२, बायकार्बोनेट ३५. बायपॅप यंत्राच्या मुखवट्यातून दोन दिवस श्वास दिल्यावर ते सावरले. त्यानंतर आम्ही त्यांची जुनी धारिका पुन्हा उघडली. पहिल्या रुग्णालयाच्या कागदपत्रांत, घरी सोडताना केलेला एबीजी टाचणीने लावलेला होता: पीएच ७.३५, कार्बन डायऑक्साइड ६०, बायकार्बोनेट ३२. तो आमच्या हाताखालून गेला होता. पीएच मर्यादेत आहे एवढे पाहून आम्ही पान उलटले होते. दोष वटीचा किती आणि वाढविलेल्या प्राणवायूचा किती, हे सांगता येणार नाही. परंतु त्या कागदावरील तीन आकडे आम्ही वाचले असते, तर वटीही दिली गेली नसती आणि मुलाला प्रवाह वाढवू नको असे बजावलेही असते.

असे कागद आज आपल्या प्रत्येकाच्या टेबलावर येतात. रुग्ण प्रकोपाच्या काळात रुग्णालयात जातो आणि उरलेले अकरा महिने आपल्याकडे असतो. अशा वेळी "एबीजी हा आधुनिकांचा प्रांत, आपला संबंध नाही" असे म्हणणारे सहव्यवसायी आम्हांला भेटतात. "नाडी पाहिली की सर्व कळते" असे म्हणणारेही भेटतात. दोन्ही पक्षांशी आमचा मतभेद आहे. कार्बन डायऑक्साइड साचलेल्या रुग्णाची नाडी भरलेली व उसळती लागते, तळहात उष्ण लागतात. अशी नाडी पाहून बल उत्तम आहे असा निष्कर्ष काढण्याचा मोह आम्हांलाही त्या चौथ्या दिवशी झाला होता.

मूळ प्रश्न निदानाचा आहे. तमकश्वास म्हणजे सीओपीडी असे समीकरण आपल्या परिसंवादांत सर्रास मांडले जाते. आमच्या मते ते घाईचे आहे. चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या सतराव्या अध्यायात पाच श्वास सांगितले. त्यांपैकी तमक हा वेगाने येणारा, पीनसाशी जोडलेला, नवा असता साध्य व एरवी याप्य आहे. ते वर्णन दम्याच्या पुष्कळ जवळ जाते. सीओपीडीत मात्र वेग शमल्यावरही अवरोध पूर्णपणे जात नाही. श्वासनलिका रुंद करणारे औषध दिल्यानंतर केलेल्या स्पायरोमेट्रीत पहिल्या सेकंदात सोडलेल्या हवेचे एकूण सोडलेल्या हवेशी प्रमाण ०.७० च्या खाली राहते. ही चाचणी न करता केवळ घर्घुरक ऐकून नाव देऊ नये. व्यसनाचा इतिहास नाही म्हणून सीओपीडी नाही, असेही मानू नये. डॉ. संदीप साळवी आणि पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांतील सीओपीडीकडे लक्ष वेधले, त्यात चुलीचा धूर हे प्रमुख कारण होते. गोवऱ्या व लाकूडफाटा फुंकत वीस-तीस वर्षे काढलेल्या माउलीला आपण "जीर्ण कास" म्हणून वर्षानुवर्षे सितोपलादि देत राहतो आणि चुलीविषयी विचारीतही नाही, हे आमच्या परिसरातील चित्र आहे.

आता अम्ल-क्षार स्थितीविषयी. येथे शब्दांचा घोटाळा प्रथम दूर केला पाहिजे. एका ज्येष्ठ वैद्यमित्राने रुग्णाच्या कागदावर "ॲसिडोसिस" हा शब्द वाचून अविपत्तिकर चूर्ण व शंखभस्म सुरू केल्याचे आम्हांस ठाऊक आहे. अम्लपित्तातील अम्ल जठरातील आहे. येथील अम्ल म्हणजे रक्तात विरघळलेला, फुप्फुसांनी बाहेर न टाकलेला वायू आहे. आंबट ढेकर आणि ही अम्लता यांचा काडीचा संबंध नाही, आणि अम्लपित्ताच्या औषधाने ती कमी होत नाही.

रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात राहतो. तो दोन पारड्यांवर तोललेला असतो. एका पारड्यात कार्बन डायऑक्साइड, जो फुप्फुसे ताब्यात ठेवतात व ज्याचा दाब सामान्यतः ३५ ते ४५ मिलिमीटर असतो. दुसऱ्यात बायकार्बोनेट, जे वृक्क सांभाळतात व जे सुमारे २४ असते. फुप्फुसे मिनिटांत बदल घडवितात, वृक्कांना त्यासाठी तीन ते पाच दिवस लागतात. या कालभेदातच सर्व वाचन आहे. कार्बन डायऑक्साइड अचानक चाळीसवरून साठवर गेला तर बायकार्बोनेट फार तर दोनने वाढते आणि पीएच ७.२६ पर्यंत घसरतो. तोच वायू महिनोन्‌महिने साठवर स्थिरावला असेल, तर दर दहा मिलिमीटरमागे सुमारे चारने वाढत बायकार्बोनेट बत्तीसच्या आसपास पोहोचते आणि पीएच ७.३५ राहतो. आमच्या रुग्णाचा पहिला कागद हेच सांगत होता. पीएच बरा दिसतो, कारण वृक्कांनी दीर्घकाळ राबून तो सांभाळला आहे, आणि रुग्ण वायू साठविणारा आहे. दुसऱ्या कागदात वायू बावीसने वाढला, बायकार्बोनेट जेमतेम तीनने. वृक्कांना वेळ मिळाला नव्हता. जुन्यावर नवे चढले, एवढा अर्थ त्या दोन कागदांच्या तुलनेतून निघतो. एकटा कागद पुष्कळदा फसवितो, म्हणून घरी सोडतेवेळचा एबीजी रुग्णाने जपून ठेवावा असा आग्रह आम्ही आता धरतो.

वाढलेल्या बायकार्बोनेटचा अर्थ चुकणे ही आपलीच उणीव आहे असे कोणी मानू नये. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भीषण साथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयात श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णांच्या रक्तात एकूण कार्बन डायऑक्साइडचे मान वाढलेले आढळे, आणि तेथील निष्णात डॉक्टरांनी त्यास क्षारतेचा एक गूढ विकार मानले होते. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने सांगितले की ही क्षारता नव्हे, श्वास अपुरा पडून वायू साचला आहे. २७ ऑगस्ट रोजी बारा वर्षांच्या एका मुलीच्या कंठनलिकेस छिद्र करून त्याने हाताने पिशवी दाबीत श्वास दिला आणि मुलगी वाचली. पुढे शेकडो वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने रुग्णांच्या उशाशी बसून पिशव्या दाबीत राहिले. तेथील प्रयोगशाळेचे प्रमुख पॉल ॲस्ट्रुप यांनी याच साथीतून धडा घेऊन रक्तवायूंच्या मापनपद्धतीत मोलाची भर घातली. एका आकड्याचा अर्थ बदलला आणि चिकित्सा बदलली.

आता प्राणवायूचा विषय, जो औषधविक्रेते बंधूंच्याही दारातला आहे. करोनाच्या साथीनंतर कॉन्सन्ट्रेटर भाड्याने देणारी औषधालये तालुक्याच्या गावीही झाली. यंत्र देताना अनामत रक्कम घेतली जाते, वायरची लांबी विचारली जाते. किती लिटर, हे मात्र चिठ्ठीवर आहे किंवा नाही, ते कोणी पाहत नाही. करोनाच्या काळात घराघरांत रुजलेला संस्कार असा की आकडा ९५ च्या वर हवा. करोनाच्या तरुण रुग्णासाठी जे योग्य होते, ते वायू साठविणाऱ्या सीओपीडीच्या रुग्णास घातक ठरू शकते. अशा रुग्णास ८८ ते ९२ हेच लक्ष्य आहे. ब्रिटिश थोरॅसिक सोसायटीने २००८ सालीच ते घालून दिले. टास्मानियात झालेला एक अभ्यास २०१० साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रुग्णवाहिकेतील ४०५ रुग्ण होते. ज्यांचा सीओपीडी निश्चित झाला होता, त्यांत मुक्तहस्ते प्राणवायू दिलेल्यांपैकी ९ टक्के दगावले, मोजून दिलेल्यांपैकी २ टक्के. याहून स्पष्ट इशारा कोणता हवा?

याचे कारण "प्राणवायू वाढला की मेंदू श्वास घेणे विसरतो" असे सोपे करून सांगितले जाते. ते पूर्ण सत्य नाही. फुप्फुसाच्या ज्या भागांत हवा पोहोचत नाही, तेथील रक्तवाहिन्या शरीर आकुंचित ठेवते, म्हणजे रक्त चांगल्या भागांकडे वळते. जास्त प्राणवायूने त्या वाहिन्या उघडतात आणि रक्त निरुपयोगी भागांतून वाहू लागते. शिवाय प्राणवायूने भरलेले हीमोग्लोबिन कार्बन डायऑक्साइड कमी वाहून नेते. श्वासाचा वेगही काहीसा मंदावतो. तिन्ही मिळून वायू चढतो, आणि बोटावरचा ऑक्सिमीटर ९७ दाखवीत हसत असतो. त्या उपकरणास कार्बन डायऑक्साइड दिसतच नाही.

उलट टोकही गाठू नये. प्राणवायूची भीती घालून तो बंद करणारे सल्लागारही पाहिले आहेत. ज्यांच्या धमनीरक्तातील प्राणवायूचा दाब ५५ वा त्याखाली आहे, त्यांना दिवसाचे किमान पंधरा तास प्राणवायू दिल्यास आयुष्य वाढते, हे १९८० व १९८१ च्या दोन मोठ्या अभ्यासांनी दाखविले. मध्यम उणीव असलेल्यांना मात्र त्याचा तसा लाभ होत नाही, असे २०१६ च्या अमेरिकी अभ्यासात आढळले. म्हणजे यंत्र कोणाला, किती आणि किती वेळ, हे धमनीरक्त तपासूनच ठरावे.

यापुढचा भाग खास आपला आहे, आणि त्याविषयी आपल्या नियतकालिकांत फारसे लिहिले जात नाही असे आमचे निरीक्षण आहे. शोधनाचा अम्ल-क्षार स्थितीवर काय परिणाम होतो? वमनाने जठरातील अम्ल बाहेर जाते, रक्त क्षाराकडे झुकते, पोटॅशियम उतरते. क्षाराकडे झुकलेले रक्त श्वासाची प्रेरणा मंद करते. निरोगी बलवान व्यक्तीत हे तात्पुरते व किरकोळ असते. पण पायांच्या सूजेसाठी मूत्रल गोळी घेणारा, बायकार्बोनेट आधीच बत्तीस असलेला रुग्ण वमनासाठी बसविला तर? पीएच ७.४४, कार्बन डायऑक्साइड ६०, बायकार्बोनेट ४०, पोटॅशियम २.९. असा कागद हाती आला तर पीएच पाहून निश्चिंत होऊ नये. तेथे दोन विकार एकमेकांना झाकून उभे आहेत. मूत्रल औषधे, दीर्घकाळ घेतलेले स्टिरॉइड आणि उलटी या तिन्ही वाटांनी माणूस या स्थितीस पोहोचतो. स्टिरॉइड म्हणताना गावोगाव विकल्या जाणाऱ्या "दम्याच्या पुड्या" आमच्या डोळ्यांसमोर आहेत. तीन दिवसांत चमत्कार करणाऱ्या पुडीत वनस्पतीच आहे, यावर विश्वास ठेवण्याचे वय आता आपल्यापैकी कोणाचे राहिलेले नाही.

विरेचनाची गोष्ट याच्या उलट. द्रवमलाबरोबर बायकार्बोनेट जाते. निरोगी माणूस श्वास वाढवून, वायू अधिक सोडून तूट भरून काढतो. सीओपीडीच्या रुग्णाजवळ ती सोयच नाही. वायू साठवरच राहिला आणि बायकार्बोनेट बत्तीसवरून पंचविसावर आले, तर पीएच ७.२४ वर घसरतो. एका अतियोगाने एवढे होऊ शकते. चरकाचार्यांनी श्वासरुग्णांत बलवान व कफाधिक्य असलेला आणि दुर्बल व वाताधिक्य असलेला असा स्पष्ट भेद करून पहिल्यास शोधन, दुसऱ्यास बृंहण सांगितले. आमचे म्हणणे एवढेच की आज त्या बलाच्या परीक्षेत कार्बन डायऑक्साइडचा आकडा, पोटॅशियम व वजन यांचा समावेश करावा. ज्याचा वायू पन्नासच्या वर आहे, त्याचे वमन-विरेचन आम्ही करीत नाही. यावर वैद्यबंधूंचे दुमत असू शकेल. ते आकड्यांसह लिहून यावे, एवढी अपेक्षा आहे.

क्षारकल्पांविषयी थोडेसे. यवक्षारात प्रामुख्याने पोटॅशियमचे क्षार असतात, शंख व कपर्दिक भस्मे चुन्याच्या जातीची. कफछेदनासाठी अल्प मात्रेत, अल्पकाळ दिलेल्या यवक्षाराची आम्हांस धास्ती नाही. परंतु वृक्क क्षीण असलेल्या वृद्धास तो महिनोन्‌महिने देणे, किंवा घरच्या घरी सोड्याची फक्की चालू ठेवणे, याची चौकशी व्हावयास हवी.

निद्राजनक योगांबाबत मात्र आम्ही कठोर झालो आहोत. अहिफेनयुक्त कल्प श्वासकेंद्र मंद करतात, हे सांगावयास नको. निद्रोदय रसासारखा कल्प वायू साठविणाऱ्या रुग्णाच्या हाती पडता कामा नये. कनकासवातील धत्तूरा वृद्धास भ्रम आणि मूत्रावरोध घडवू शकतो, आणि मग तो भ्रम वायूचा की धत्तूऱ्याचा, हे रात्री दोन वाजता ओळखणे कोणासही जड जाते. अहिफेन, धत्तूरा व वत्सनाभ ही द्रव्ये औषध नियमांच्या अनुसूची ई-१ मध्ये आहेत, त्यांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना असते. काउंटरवर ती सूचना वाचून दाखविणारा विक्रेता विरळाच. "आयुर्वेदिक आहे, काही होत नाही" हे वाक्य आपल्याच दुकानांतून बाहेर पडते. सीओपीडीच्या रुग्णाने झोपेचे औषध मागितल्यास विक्रेत्याने त्यास प्रथम तीन प्रश्न विचारावेत: सकाळी उठल्यावर डोके दुखते काय, दिवसा बसल्या जागी झोप येते काय, हात पुढे धरल्यावर पंजे फडफडतात काय. एकाचे जरी उत्तर होय आले, तरी औषध न देता वैद्याकडे अथवा रुग्णालयाकडे पाठवावे. झोप न येणे हेच पुष्कळदा साचलेल्या वायूचे पहिले लक्षण असते.

कोजागरीच्या रात्री खिरीतून दम्याचे औषध घेण्यासाठी थंडीत रांगा लागतात, हा आपल्याकडील जुना प्रघात. त्याविषयी आमचा आक्षेप औषधापेक्षा जागरणाला आणि उघड्यावरच्या गारठ्याला आहे. गेल्या वर्षी आमचेच दोन सीओपीडीचे रुग्ण तेथून थेट रुग्णालयात गेले, इनहेलर घरी विसरून. इनहेलर बंद करा असे सांगून आपली चिकित्सा सुरू करण्याची जी पद्धत काही ठिकाणी आहे, तिच्याशी आम्ही सहमत नाही. आपले योग लक्षणांत आराम देतात, भूक व बल सुधारतात, असा आमचा अनुभव आहे. नष्ट झालेले वायुकोश परत आणतात असा अनुभव नाही.

धमनीचे रक्त काढण्याची सोय सर्वत्र नसते, ही अडचण खरी आहे. त्यासाठी रुग्णास जिल्ह्याच्या गावी जावे लागते, नमुना हवेचा बुडबुडा न येऊ देता अर्ध्या तासाच्या आत तपासला जावा लागतो. पण नीलेतील रक्तातही कार्बन डायऑक्साइडचा दाब ४५ च्या खाली आला, तर लक्षणीय साठा नाही असे म्हणता येते. तेवढीही सोय नसेल तर साध्या सोडियम-पोटॅशियम-क्लोराइडच्या तपासणीत क्लोराइड उतरलेले दिसणे हाही एक धागा आहे, कारण बायकार्बोनेट चढते तसे क्लोराइड उतरते. असा कागद दिसला की रुग्णास एबीजीसाठी पाठवावे.

आमच्या चिकित्सालयात आता श्वासरुग्णाच्या पत्रिकेवर दोष-दूष्यांच्या खालीच एक चौकट छापली आहे. तीत शेवटच्या एबीजीचे तीन आकडे, त्यांची तारीख, प्राणवायूचा ठरलेला प्रवाह आणि ऑक्सिमीटरचे ८८ ते ९२ हे लक्ष्य लिहिले जाते. चौकट रिकामी असेल तर निद्राजनक योग व शोधन लिहावयाचे नाही, असा सहकाऱ्यांशी करार आहे. तीच चौकट कार्डाच्या रूपात शेजारच्या औषधविक्रेत्यास दिली, आणि तो आता कॉन्सन्ट्रेटरच्या नळीला ती दोऱ्याने बांधून देतो. आरंभी उल्लेखिलेले गृहस्थ महिन्यातून एकदा येतात. यंत्राची कळ एक लिटरवर आहे व तिच्यावर त्यांच्या पत्नीने चिकटपट्टी लावली आहे, म्हणजे मुलाचा हात पोहोचू नये.

ज्या सदस्यांना हे कार्ड छापून हवे असेल त्यांनी संघाच्या कार्यालयाकडे मागणी नोंदवावी. छपाईचा खर्च वाटून घेतल्यास तो प्रत्येकी किरकोळ येईल.